वीस फुटी जोत्यावरचं गाव

घर बांधायला काढलं की आपल्याकडं पहिली चर्चा होते ती जोत्याची. गवंडी म्हणतो दोन फूट पुरे, सासरेबुवा म्हणतात तीन हवेत, आणि शेजारचे काका भिंतीवरची जुनी ओल दाखवून सांगतात, "त्या वर्षी पाणी इथवर आलं होतं, त्याच्या वर घ्या." घराचं जोतं म्हणजे पाण्याशी केलेला करारच असतो. तू इथवर ये, याच्या वर नको.

आता अशी कल्पना करा, की पाणी हातभर नव्हे, तीन-चार पुरुष उंच चढतं. एखाद्या वर्षी नव्हे, दर वर्षी चढतं. आठवडाभरात ओसरत नाही, चार-पाच महिने मुक्काम ठोकतं. आपण काय करू? बिऱ्हाड हलवू, सरकारदरबारी पुनर्वसनाचा अर्ज करू. कंबोडियातल्या एका सरोवराच्या काठी राहणाऱ्या कोळ्यांनी मात्र जोतंच वीस-पंचवीस फूट उंच नेलं. तेही दगडाचं नव्हे, लाकडी खांबांचं. असं एक गाव म्हणजे कंपाँग फ्लुक. अंगकोर वाटच्या देवळांमुळं प्रसिद्ध असलेल्या सियेम रीप शहराच्या आग्नेयेला, टोनले साप सरोवराच्या काठी ते वसलेलं आहे.

मागे एका दिवाळीच्या सुट्टीत, चेन्नईजवळच्या ओरगडमला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या कुटुंबाबरोबर हे गाव पाहण्याचा योग आला. भाऊजी तिथल्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. सहलीच्या छापील कार्यक्रमात "टोनले साप, अर्धा दिवस" असं वाचून दहा वर्षांच्या भाच्यानं आधीच धसका घेतला होता. "मावशी, तिथं साप आहेत?" ख्मेर भाषेत टोनले म्हणजे मोठी नदी आणि साप म्हणजे गोडं पाणी, असं समजावल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. त्या सरोवरात पाणसापही पुष्कळ आहेत आणि ते पकडण्याचा धंदाही चालतो, हे मात्र आम्ही परतीच्या विमानात बसेपर्यंत त्याला सांगितलं नाही.

उलटी वाहणारी नदी

हे गाव खांबांवर का उभं आहे, हे कळायला आधी नदीची गंमत समजून घ्यावी लागते. तिबेटातून निघालेली मेकाँग ही प्रचंड नदी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हजवळून समुद्राकडं जाते. तिथंच तिला टोनले साप नावाची नदी येऊन मिळते. ही नदी वायव्येकडच्या सरोवराचं पाणी सुमारे शंभर किलोमीटर वाहून आणते आणि मेकाँगमध्ये ओतते. उन्हाळ्यात हा क्रम सुरळीत चालतो.

पावसाळा सुरू झाला की मेकाँग फुगते. जून-जुलैच्या सुमारास तिची पातळी सरोवरापेक्षा उंच होते आणि मग टोनले साप नदी चक्क उलटी वाहू लागते. मेकाँगचं पाणी सरोवरात चढतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेकाँगचा जोर ओसरला की नदी पुन्हा वळते आणि साठलेलं पाणी समुद्राकडं परत जायला लागतं.

याचा परिणाम किती मोठा आहे पाहा. उन्हाळ्यात सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असतं, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षाही कमी. चांगल्या पावसाच्या वर्षी तेच १५,००० चौरस किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे जवळजवळ अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढं! खोली मीटर-दीड मीटरवरून आठ-नऊ मीटरवर जाते. भोवतालचं जंगल शेंड्यापर्यंत बुडतं. या जंगलात आपल्या कोकणातल्या समुद्रफळाच्या कुळातली झाडं पुष्कळ आहेत. महिनोन्‌महिने पाण्यात उभी राहूनही ती मरत नाहीत.

बुडालेलं हे जंगलच सगळ्या व्यवहाराचं मूळ आहे. मासळीची पिल्लं तिथं फांद्यांच्या आडोशाला वाढतात, पानाफळांवर आणि किड्यांवर पोसली जातात. पाणी परतू लागलं की तीही त्याच्याबरोबर निघतात आणि कोळ्यांची सुगी सुरू होते. आपल्याकडं पुराचं पाणी ओसरलं की मागं चिखल आणि पंचनामे उरतात. पुण्यानं १९६१ साली, सांगली-कोल्हापूरनं २०१९ साली आणि चिपळूणनं २०२१ साली ते भोगलं आहे. टोनले सापच्या काठी मात्र पूर आला नाही, तर ती आपत्ती. इथल्या माणसांनी पुराला पाहुणा मानलेलं नाही. तो घरचाच आहे, आणि त्याच्या येण्याजाण्यावर घरातली चूल चालते.

एक गाव, दोन रूपं

कंपाँग फ्लुक या नावाचा अर्थ "हस्तिदंतांचं बंदर" असा सांगतात. तीन वस्त्या मिळून झालेलं हे गाव वर्षात दोन रूपं दाखवतं. मार्च-एप्रिलमध्ये गेलात, तर कोरड्या जमिनीवर वीस-पंचवीस फूट उंच खांबांच्या रांगा दिसतात आणि त्यांच्या डोक्यावर, मान वर करून पाहावं इतक्या उंचीवर, घरं. घरात जायचं ते उभ्या शिडीनं. खाली खांबांच्या सावलीत जाळी दुरुस्त करणं चालतं, झोळ्या टांगलेल्या असतात, कोंबड्या फिरतात. मुख्य रस्त्यावर कोळंबी वाळत घातलेली असते. आपल्या वर्सोव्याच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर जवळा वाळताना पाहिला असेल, त्यांना वासावरूनच ओळख पटेल.

आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबर लागला होता. पाणी भरपूर होतं, शिड्यांच्या वरच्या थोड्याच पायऱ्या उघड्या होत्या आणि रस्ता म्हणून जो होता तो होडीचाच. शाळेतून सुटलेली पोरं होडीतून घरी निघाली होती. आमच्या भाच्याएवढी एक मुलगी धाकट्या भावाला पुढं बसवून वल्हं मारत होती. ताई पुटपुटली, "अगं, हिच्या आईला काळजी नाही का वाटत?" बरोबरच्या तरुण वाटाड्यानं तिच्या चेहऱ्यावरूनच प्रश्न ओळखला असावा. तो म्हणाला, "तुमच्या शहरात मूल एकटं रस्ता ओलांडायला लागतं तेव्हा आईला वाटते ना, तेवढी वाटते."

ही काळजी खोटी नाही. पाण्यात पडून लहान मुलं दगावण्याचा धोका अशा वस्त्यांमध्ये खरोखरच असतो. म्हणून घराच्या ओट्याला कठडा असतो आणि मुलं लवकरात लवकर पोहायला शिकतात. तरी जेमतेम रांगायला लागलेल्या मुलाच्या आईला क्षणभरही डोळ्यांवरची पट्टी मिटता येत नाही. फळ्यांमधून खाली पाणी दिसतं, अशा जमिनीवर मूल रांगत असताना स्वयंपाक करणं किती अवघड असेल, हे कोणत्याही गृहिणीला वेगळं सांगायला नको.

स्वयंपाकघर, पाणी आणि इतर प्रश्न

चूल मातीची, सरपणाची. लाकडी घरात ती ठेवायची म्हणजे जपून. जेवणात भात आणि मासळी. भात जमिनीवरच्या गावांतून येतो, मासळी घरची. पूर्वी सुगीच्या दिवसांत भातशेती करणारी कुटुंबं बैलगाड्यांतून तांदूळ घेऊन सरोवराकडं येत आणि बदल्यात मासळी नेत. त्या मासळीचं करायचं काय? तर "प्रहोक". छोटी मासळी साफ करून, चेचून, मीठ घालून महिनोन्‌महिने मुरवायची. आपल्याकडं आगोटीपूर्वी सुकट-बोंबलांची बेगमी करतात तशीच ही वर्षाची बेगमी. वास असा, की बरणी उघडताच ताईनं पदर नाकाला लावला. पण प्रहोक नसेल तर कंबोडियन घरातला स्वयंपाक अडतो, इतकं त्याचं महत्त्व. या देशातला गरीब माणूस डाळीवर नव्हे, मासळीवर जगतो. त्याच्या आहारातल्या प्रथिनांचा फार मोठा भाग या सरोवरातून आणि मेकाँगमधून येतो.

पाण्याचं मात्र नवल आहे. चहूकडं पाणी आणि पिण्याच्या पाण्याची चिंता! पावसाचं पाणी मोठ्या रांजणांत साठवतात, बाकीचं विकत आणतात. जे जमत नाही ते सरोवरातूनच. आणि संडास? आपल्यासारखे पाहुणे हा प्रश्न विचारायला लाजतात, पण तो विचारायलाच हवा. खांबांवरच्या किंवा तरंगत्या वस्तीत शोषखड्डा खणणार कुठं? बहुतेक ठिकाणी सगळं खालीच जातं. ज्या पाण्यात मूल पोहतं, भांडी विसळली जातात, त्याच पाण्यात. जुलाब आणि कृमींचे विकार त्यामुळंच पाठ सोडत नाहीत. टोनले सापच्या काही तरंगत्या वस्त्यांमध्ये अलीकडच्या काळात एक उपाय करून पाहिला गेला. संडासाखाली बंद पिंप, आणि त्यातून झिरपणारं पाणी जलपर्णीच्या मुळांमधून गाळून मग सरोवरात. ज्या जलपर्णीला आपण मुळा-मुठेतून उपसून काढतो, तिलाच तिथं कामाला लावलं. अशा साध्या गोष्टींनी आयुष्य बदलतं. छायाचित्रांच्या पुस्तकांत मात्र त्या कधी दिसत नाहीत.

तिथली त्रिपुरी पौर्णिमा

नदी पुन्हा वळण्याच्या सुमारास कंबोडियात जलोत्सव असतो. त्याला "बोन ओम टूक" म्हणतात. तिथी कोणती? त्यांच्या "कदेक" महिन्यातली पौर्णिमा. हा कदेक म्हणजे आपला कार्तिक! आपल्याकडं त्रिपुरी पौर्णिमेला नदीत दिवे सोडले जातात, त्याच सुमाराला नॉम पेन्हला नदीवर लांबलचक नावांच्या शर्यती होतात आणि रात्री रोषणाई केलेल्या नावा फिरतात. घरोघरी चंद्राची पूजा होते आणि नैवेद्याला असतात "अंबोक" म्हणजे नव्या भाताचे ताजे कांडलेले पोहे, सोबत केळं आणि नारळपाणी. हे ऐकल्यावर ताईला गाव एकदम माहेरच्यासारखं वाटू लागलं.

हे साम्य योगायोगाचं नाही. ख्मेर लिपी ही दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून घडली. अंगकोरच्या राजांच्या नावांच्या शेवटी जे "वर्मन" येतं तेही पल्लव राजांच्या नावांत सापडतं. पल्लवांची राजधानी कांचीपुरम, म्हणजे ओरगडमहून फार लांब नव्हे. भाऊजी म्हणाले, "आमच्याकडून पूर्वी लिपी गेली, आता मोटारी जातात."

सरोवर आणि अंगकोर यांचंही जुनं नातं आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस राजा सातवा जयवर्मन यानं उभारलेल्या बायोन देवळाच्या भिंतींवर नावांमधली लढाई कोरलेली आहे. पण त्याच भिंतीवर नावांखाली मासे आहेत, जाळं टाकणारा कोळी आहे, बाजारात बसलेल्या बायका आहेत आणि चुलीवर शिजणारं जेवणही आहे. १२९६ साली अंगकोरला आलेला चिनी वकील झोऊ दागुआन यानंही लिहून ठेवलं आहे, की पावसाळ्यात सरोवराचं पाणी इतकं चढतं की मोठमोठ्या झाडांचे फक्त शेंडे दिसतात आणि काठावरची माणसं उंच जागी निघून जातात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही पाहुण्यांना याच गोष्टीचं आश्चर्य वाटत होतं.

पाहुणे आणि घरचे

आता थोडं पाहुण्यांविषयी. या गावात शिरण्यासाठी तिकीट आहे, मोठ्या होडीचं भाडं आहे. पुढं बुडालेल्या जंगलातून फिरायचं असेल, तर गावातल्या बायका छोट्या होड्या घेऊन उभ्या असतात, त्याचे पैसे वेगळे. या होड्यांना आळीपाळीनं गिऱ्हाईक मिळतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. आमची होडी वल्हवणारी बाई चाळिशीची असावी. झाडांच्या शेंड्यांमधून ती इतकी अलगद होडी काढत होती की पानाचाही आवाज होत नव्हता.

ताईनं वाटाड्यामार्फत विचारलं, "एवढ्या पैशांतले तुमच्या हातात किती पडतात?"

बाईनं आधी हसून टाळलं. मग म्हणाली, "मासे मिळाले असते तर मी इथं नसते."

आम्ही गप्प झालो. आमच्या दृष्टीनं ती सहलीतली सर्वांत रम्य फेरी होती. तिच्या दृष्टीनं ती जाळं रिकामं आल्याची भरपाई होती. दोन्ही गोष्टी एकाच होडीत बसल्या होत्या.

अशा ठिकाणी आपण कसं वागावं? या सरोवराच्या काठी काही ठिकाणी पर्यटकांना शाळेपाशी नेऊन "या गरीब मुलांसाठी तांदळाचं पोतं घ्या" असा आग्रह होतो. पोत्याची किंमत अव्वाच्या सव्वा असते आणि तेच पोतं पुन्हा दुकानात येतं, अशा तक्रारी प्रवाशांनी अनेकदा केल्या आहेत. अनाथाश्रमांच्या भेटींचंही तसंच. कंबोडियातल्या अशा आश्रमांमधल्या बहुसंख्य मुलांच्या आई-वडिलांपैकी किमान एक जण हयात असल्याचं पाहण्यांतून दिसून आलं आहे. पाहुण्यांच्या दयेवर संस्था वाढतात आणि मुलं घरापासून तुटतात. म्हणून मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटणं, पैसे देणं हे करू नका. द्यायचंच असेल तर कामाचे पैसे द्या. वल्हवणारीला तिच्या हातात बक्षीस द्या, गावातल्या बाईकडून वाळवलेली मासळी घ्या, गावातच जेवा.

आणि फोटो? घराच्या ओट्यावर कोणी आंघोळ करत असेल, मूल पाजत असेल, तर आपल्या चाळीत कोणी परक्यानं तसा फोटो काढला असता तर चाललं असतं का, एवढंच मनाशी विचारावं.

"बिचारे" म्हणण्यापूर्वी

भाच्यानं परतीच्या वाटेवर नेमका प्रश्न विचारला. "बाबा, हे लोक जमिनीवर का राहत नाहीत?"

जगात जिथं जिथं माणसं पाण्यावर खांब रोवून राहिली, तिथं प्रत्येक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात नोकुए सरोवरावर गांव्ये नावाचं मोठं गाव आहे. माणसं पकडून गुलाम म्हणून विकणाऱ्या टोळ्यांपासून जीव वाचवण्यासाठी तिथल्या लोकांचे पूर्वज पाण्यात गेले. ब्रुनेईतलं कंपाँग आयेर हे व्यापाराचं ठाणं होतं. १५२१ साली मॅगेलनच्या मोहिमेतला पिगाफेट्टा तिथं पोहोचला, तेव्हा पाण्यावरचं ते शहर पाहून तो थक्क झाला होता. कंपाँग फ्लुकची माणसं मात्र ना भीतीनं पाण्यात गेली, ना व्यापारासाठी. ती मासळीच्या मागे गेली. शेतकरी शेताजवळ राहतो, तसे कोळी सरोवराजवळ राहतात. फरक एवढाच, की हे शेत वर्षातून एकदा घराच्या दारापर्यंत चालत येतं.

पण सगळ्यांनाच हे स्वेच्छेनं साधलेलं नाही. टोनले सापवर तराफ्यांवरच्या तरंगत्या वस्त्याही आहेत आणि त्यांत व्हिएतनामी वंशाची कुटुंबं पुष्कळ आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही अनेकांजवळ नागरिकत्वाची कागदपत्रं नाहीत. कागद नाही म्हणून जमीन नाही, जमीन नाही म्हणून पाणी. नॉम पेन्हजवळच्या अशा वस्त्या २०२१ साली हटवण्यात आल्या. एकाच सरोवरावर एकाचं घर परंपरा ठरतं आणि दुसऱ्याचं अतिक्रमण, हे आपल्यालाही नवीन नाही.

सरोवराची नाडी

युनेस्कोनं १९९७ साली टोनले साप सरोवराला संरक्षित जीवावरणाचा दर्जा दिला. तरीही गेल्या काही वर्षांत या सरोवराची नाडी अनियमित झाली आहे. २०१९ साली नदी उलटी वळायला ऑगस्ट उजाडला आणि पाणी सरोवरात चढण्याचा काळ नेहमीपेक्षा फार आखूड ठरला. २०२० सालीही तेच. कारणं एकाहून अधिक आहेत. एक तर त्या वर्षांत पाऊस कमी पडला. दुसरं, मेकाँगवर वरच्या अंगाला चीननं आणि अलीकडं लाओसनं मोठी धरणं बांधली. धरणं पावसाळ्यात पाणी अडवतात आणि उन्हाळ्यात वीज निर्माण करण्यासाठी सोडतात. त्यामुळं पूर उतरतो आणि उन्हाळी पातळी चढते. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण ज्या सरोवराचं जगणंच चढउतारावर अवलंबून आहे त्याच्यासाठी ते घातक. तिसरं कारण वाळूचं. बांधकामांसाठी मेकाँगच्या पात्रातून बेसुमार वाळू उपसल्यानं नदीचा तळ खाली गेला आहे, आणि तळ खाली गेला की तेवढ्याच पाण्याची पातळीही खाली येते. मग सरोवराकडं चढायला जोर पुरत नाही. वाळूउपशाचं हे गणित आपल्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना समजावण्याची गरज नाही.

त्यातच जंगल कोरडं राहिलं की आगी लागतात. २०१६ च्या दुष्काळात सरोवराकाठचं पुष्कळ जंगल जळालं. जंगल गेलं की मासळीचं पाळणाघर गेलं. सरकारनं काही पावलं उचलली आहेत. फ्रेंच राजवटीपासून मोठमोठ्या ठेकेदारांकडं असलेले मासेमारीचे पट्टे २०१२ साली रद्द झाले. आपल्या हद्दीत मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर दहा वर्षं नवं धरण बांधणार नाही, असं २०२० साली जाहीर झालं. पण वरच्या देशांचं धरण खालच्या देशाला थांबवता येत नाही.

म्हणून तरुण पोरं गाव सोडतात. कोणी नॉम पेन्हच्या कपड्यांच्या कारखान्यात, कोणी थायलंडमध्ये. २०२५ साली थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर चकमकी झाल्या तेव्हा असे लाखो कामगार एकदम मायदेशी परतले. गावी आले खरे, पण जाळ्यात मासा कुठं होता?

आपले खांब

आपल्या देशातही खांबांवरची घरं आहेत. आसामात ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर मिसिंग लोक बांबूची "चांग घर" बांधतात. आजवरचा सर्वांत मोठा पूर कुठवर आला होता हे लक्षात ठेवून त्याच्या वर घराची जमीन घालायची, हा त्यांचा नियम. कोरड्या दिवसांत त्याच घराखाली बायकांचे माग चालतात.

आणि आपली शहरं? मुंबई, पुणे, चेन्नई, सगळीकडं आता इमारती खांबांवरच उभ्या असतात. त्याला आपण "स्टिल्ट पार्किंग" म्हणतो. ताईच्या सोसायटीतही ते आहे. फरक असा, की कंपाँग फ्लुकच्या खांबांखाली पाण्यासाठी जागा सोडलेली आहे आणि आपल्या खांबांखाली गाड्यांसाठी. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत अतिवृष्टी झाली, चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत पाणी सोडावं लागलं आणि रात्रीतून वस्त्या बुडाल्या. पुढं २०२४ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टीचा इशारा मिळताच वेलाचेरीतल्या लोकांनी आपापल्या गाड्या आधीच उड्डाणपुलावर नेऊन लावल्या. लोकांनी त्यांची चेष्टा केली. खरं तर खांबांवर चढण्याचा तो शहाणपणाच होता. चुकलं ते एवढंच, की पाण्याची जी जागा होती ती तलाव, ओढे आणि दलदली बुजवून आपण आधी घेतली, आणि मग पाणी आपली जागा शोधत आलं.

जाणार असाल तर

ज्यांना हे गाव पाहायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पाणी भरलेलं रूप पाहायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, उंच खांब पाहायचे तर मार्च-एप्रिल. एप्रिलमध्ये ऊन भयंकर असतं, लहान मुलं आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर टोपी आणि उकळलेलं किंवा बाटलीतलं पाणी हवंच. होडीत जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि मुलांना ते घालायला लावा. पोहता येतं या भरवशावर राहू नका. होडीचं आणि तिकिटाचं भाडं आधी ठरवून, शक्य तर लिहून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या परत आणा. तिथं कचऱ्याची गाडी येत नाही. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं, की भाजीतही प्रहोक असू शकतो, म्हणून आधी स्पष्ट सांगावं. आणि निघण्यापूर्वी सीमेवरच्या परिस्थितीची चौकशी जरूर करावी.

शेवटची गोष्ट सूचनांमध्ये बसत नाही, तरी सांगते. त्या गावातून फिरताना आपल्या तोंडून "बिचारे" हा शब्द सहज निघतो. तो गिळावा. गरिबी तिथं आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पाण्यासोबत कसं राहावं, हे त्यांना येतं. त्यांची अडचण पाणी घरात शिरण्याची नाही, ते येईनासं झाल्याची आहे. पुढच्या वेळी घराचं जोतं किती घ्यावं यावर आपल्याकडं खल सुरू होईल, तेव्हा आणखी एक प्रश्न बैठकीत जरूर यावा. आपण उंच झालो, हे ठीक. पण पाण्यानं जायचं कुठून?